विकणे आहे

आप्पांच्या कॉन्टेसाच्या मागच्या काचेवर ‘विकणे आहे’ ही अक्षरं ऑइल पेंटमध्ये लिहिलेली आहेत. बाकीचे लोक कागद चिकटवतात. आप्पांनी पेंटर बोलावला, लाल अक्षरांना पिवळी सावली द्यायला लावली आणि खाली नंबर टाकला तो घरच्या लँडलाइनचा. ती लँडलाइन बंद होऊन बरीच वर्षं झाली. दर दिवाळीला घराला रंग देताना त्या अक्षरांवरूनही ब्रश फिरतो. नंबर तोच राहतो.

आप्पा म्हणजे कुणी एक माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर जळगावातल्या चार घरांतून मला फोन येतील. यावल, चोपडा, अमळनेर, शिरपूर, कुठेही जा. पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री पांघरलेलं एक वाहन असतं आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेले एक आप्पा असतात. कुणाकडे येझदी असते, कुणाकडे राजदूत, कुणाकडे वडिलांची जीप. या सगळ्यांचा मिळून मी एक आप्पा केला. त्यांना जळगावात प्लॉट एरियात घर दिलं, तापीपलीकडे यावल तालुक्यात केळीची बाग आणि थोडा कापूस दिला, आणि गाडी दिली १९८७ सालची कॉन्टेसा. अमेरिकेतले लोक ज्यांना मसल कार म्हणतात, त्यांच्या जवळ जाणारं आपल्याकडे दुसरं काही झालंच नाही.

जवळ म्हणजे दिसायला. लांबलचक बॉनेट, रुंद पाठ, रस्त्यावरून जाताना इतरांनी बाजूला व्हावं असा रुबाब. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सने १९८४ ते २००२ या काळात ही गाडी काढली. अंग घेतलं इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचं आणि आत सुरुवातीला बसवलं ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, पन्नासच्या आसपास अश्वशक्तीचं. एवढ्या देहाला एवढा जीव. धुळ्याजवळचा लळिंगचा घाट चार माणसं आणि एसी असं दोन्ही घेऊन चढायचा म्हटलं, तर एकाला माघार घ्यावी लागे. बहुधा एसी घेई.

आप्पांना हे मान्य नाही. त्यांनी गाडीचं घराणं लावून ठेवलंय. व्हॉक्सहॉल तेव्हा कुणाची? अमेरिकेच्या जनरल मोटर्सची. १९६४ मध्ये पाँटियाक जीटीओ काढून मसल कारचं वेड कुणी लावलं? जनरल मोटर्सनेच. म्हणजे आपली गाडी जीटीओची चुलत-मावस काहीतरी लागते. लग्न जमवताना आपल्याकडे याहून लांबची नाती काढतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला हरकत घेता येत नाही.

ही गाडी आप्पांनी १९९६ मध्ये एका जिनिंगवाल्या शेठकडून घेतली. कितीला, ते नक्की कुणालाच माहीत नाही. काकूंना त्यांनी एक आकडा सांगितला होता, भावाला दुसरा, व्याह्यांना तिसरा. तिन्ही आकडे वेगळे असण्यामागे तिन्ही वेळा सबळ कारण होतं. विकायला काढली २००९ मध्ये आणि तेव्हा मागितले दोन लाख. त्या काळी जरा जास्तच, पण बोलाचालीला जागा ठेवणारा भाव होता. त्या भावात गाडी गेली असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पुढे जगात घडामोडी होत गेल्या.

मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला. बंद झाली ती ॲम्बेसेडर. कॉन्टेसा तर त्याच्या बारा वर्षं आधीच गेली होती. तरी आप्पांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “आता कंपनीच नाही.” तीन लाख. फेब्रुवारी २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने ‘ॲम्बेसेडर’ हे नुसतं नाव ८० कोटी रुपयांना विकत घेतलं. ही बातमी आप्पांनी शेजारच्या तीन घरांत स्वतः जाऊन वाचून दाखवली. “भो, नुसत्या नावाचे ऐंशी कोटी! आपल्याकडे तर चाकं पण आहेत.” पाच लाख.

मग आली मस्टँग. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या एका लिलावात १९६८ सालची हिरवी मस्टँग ३४ लाख डॉलरला गेली. वरची दस्तुरी धरून हा आकडा ३७ लाखांच्या पुढे जातो. ‘बुलिट’ सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर उडवली होती तीच ही गाडी. आप्पांच्या मुलाने सहज म्हणून तो व्हिडिओ त्यांना पाठवला, आणि त्याचा पश्चात्ताप तो पुण्यात बसून अजून करतोय. त्या गाडीची हकिगत आप्पांना पाठ आहे. एका साध्या कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली आणि रोजच्या येण्याजाण्याला वापरली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून परत मागितली, तर दिली नाही. १९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली ती चाळीस वर्षांनी लिलावात गेली. आप्पांनी यातून घेतलं ते एवढंच: कितीही मोठा माणूस मागायला आला तरी देऊ नये, क्लच गेला तरी काळजी करू नये, आणि गाडी जितकी उभी तितकी ती वाढते. ती मस्टँग सव्वातीनशे अश्वशक्तीची होती आणि ती मॅक्वीनने चालवली होती, हे दोन मुद्दे त्यांनी किरकोळ म्हणून सोडून दिले. कॉन्टेसात कोण बसलं होतं, असं विचारलं तर एका माजी आमदाराचे व्याही बसले होते, तेही वरातीत, तेही नवरदेवाची घोडी बिथरली म्हणून.

दहा लाख.

१ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. १९८७ ची गाडी, पहिली पंधरा वर्षं आणि मग पाच-पाच वर्षांचे हप्ते, म्हणजे आप्पांच्या गाडीचं पासिंग नेमकं त्याच साली आलं. दुसरा कुणी म्हणाला असता, चला, खर्च वाढला, आता काढून टाकू. आप्पांनी वाढलेले ४,४०० रुपये भावात धरले. मग त्यात हेलपाटे धरले, हेलपाट्यांचं पेट्रोल धरलं, आणि हे पैसे बँकेत असते तर त्यावर आलं असतं ते व्याज धरलं. पन्नास हजार. त्याच वर्षी हिंदुस्तान मोटर्सने ‘कॉन्टेसा’ हे नावही दुसऱ्या एका कंपनीला देऊन टाकल्याची बातमी आली. ॲम्बेसेडरचे ऐंशी, मग कॉन्टेसाचे किती, हा हिशेब आप्पांनी रात्री अंगणात बसून मनाशी केला आणि सकाळी चहाला भाव जाहीर केला: पंधरा लाख.

पेट्रोल महागलं तर ‘आता अशा पेट्रोल गाड्या कोण ठेवतो’ म्हणून भाव वाढतो. इलेक्ट्रिक गाड्या आल्या तर ‘आता हा आवाज ऐकायला मिळणार नाही’ म्हणून वाढतो. उतरल्याची नोंद नाही.

तो आवाज कशाचा, हा मात्र नाजूक विषय आहे.

आप्पांचा लाडका शब्द ओरिजिनल. गाडी बघायला आलेल्या माणसाला पहिला चहा यायच्या आत तो चार वेळा ऐकू येतो. खरी गोष्ट धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका मिस्त्रीला माहीत आहे. १९९८ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या भावातलं अंतर बघून आप्पांनी त्याच्याच गॅरेजात कॉन्टेसाला मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. त्यात गैर काही नव्हतं. त्या काळात खानदेशात निम्म्या ॲम्बेसेडर मॅटाडोरचं काळीज घेऊन फिरत होत्या आणि शहाणी माणसंच असं करत. आप्पांनी रीतसर आरसी बुकात नोंदही करून घेतली: इंधन डिझेल, इंजिन नंबर अमुक. मूळचं इंजिन मालेगावच्या एका टॅक्सीवाल्याला गेलं. पुढची पंचवीस वर्षं ही गाडी जळगावच्या रस्त्यांवरून टेम्पोचा आवाज करत गेली.

२०२२ चं पासिंग झाल्यावर नाशिकचे दोन तरुण गाडी बघायला आले आणि जाताना म्हणाले, “काका, ओरिजिनल असती तर काही बोललो असतो.” झालं. आप्पांनी गाडी टो करून धुळ्याला नेली, मॅटाडोरचं इंजिन उतरवलं आणि भंगारात निघालेल्या एका ॲम्बेसेडरचं पेट्रोल इंजिन चढवलं. घराणं तेच म्हणून ते बसलंही बरोबर. आता बॉनेटखाली पेट्रोल आहे आणि आरसी बुकात डिझेल. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची, तर आधी ही नोंद दुरुस्त करावी लागणार. आप्पा याला ‘बारीक कागदाचं काम’ म्हणतात.

मिस्त्रीला विचारलं तर तो आधी हात पुसतो आणि मग अहिराणीत निकाल देतो, “या गाडीमा ओरिजिनल फक्त हॉर्न शे, नि तो बी वाजत नही.”

त्याचा हिशेब मात्र ऐकण्यासारखा आहे, आणि जुनी गाडी घेऊ-विकू पाहणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असा आहे. पूर्ण काम झालेली, चकाचक, कागद क्लिअर असलेली अशीच गाडी आज कितीला जाते, ते आधी बघायचं. जाते म्हणजे पैसे हातात पडून जाते. जाहिरातीत किती मागतात, ते बघायचं नाही. समजा आठ लाख. त्यातून कामाचा खर्च वजा करायचा. इंजिनाची भीती नाही. ॲम्बेसेडरचे सुटे भाग अजून मिळतात आणि ते उघडून बसवणारे हातही धुळ्यात आहेत. खर्च आहे तो पत्र्याला, रंगाला आणि क्रोमला. आणि खरा जीव जातो तो मागचे दिवे, पुढची काच, खिडक्यांची बीडिंग, दारावरची पट्टी, बोटाएवढा मोनोग्राम, असल्या चीजा शोधताना, कारण त्या फक्त कॉन्टेसालाच लागत होत्या आणि कॉन्टेसा बंद झाली. “इंजिन मी महिन्यामा उभं करसू,” मिस्त्री म्हणतो, “दिवा कोठून आणू?” हे सगळं पाच-साडेपाच लाखांच्या घरात जातं. उरले अडीच. त्यातून कागदांच्या भानगडीचे थोडे काढा. आलेला आकडा म्हणजे आजच्या गाडीची आजची किंमत.

आप्पांचा हिशेब उलट्या बाजूने सुरू होतो. चकाचक गाडी पंधराला जाते, असं त्यांनी कुठेतरी पाहिलं आहे. काम काय, ते तुम्ही तुमच्या हौसेने करणार. म्हणून पंधरा.

आप्पांची एक गोष्ट खरी आहे आणि ती त्यांच्या पदरात टाकली पाहिजे. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात राहिलेल्या गाडीचा पत्रा आतून सडलेला असतो. वर रंग आणि खाली चाळणी. जळगावच्या कोरड्या हवेत तसं होत नाही. म्हणून जाणकार गिऱ्हाईक खानदेशातली, मराठवाड्यातली, विदर्भातली गाडी शोधत येतं. मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन डॅशबोर्डला चिरा पाडतं आणि रबर चघळून टाकतं, पण चेसिस शाबूत ठेवतं. आप्पांच्या गाडीचा फ्लोअर ठणठणीत आहे. ते ठोकून दाखवतात, आणि ठोकताना पुढचा बंपर हलू नये म्हणून त्यावर हळूच पाय ठेवतात. हा बंपर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आहे. मूळचा शेतात फाटकाला आडवा लावलेला आहे, कारण त्या वर्षी रानडुकरांचा त्रास होता.

गाडी बघायला येणाऱ्यांमध्ये एक भंगारवाला कायम आहे. तो दर पावसाळ्याच्या तोंडाला येतो, गाडीभोवती एक फेरी मारतो आणि किलोचा भाव सांगतो. बाराशे किलोच्या आसपासचं वजन. गुणाकार काकू स्वयंपाकघरातून करतात आणि मोठ्याने सांगतात. लग्नाच्या फोटोंसाठी गाडी मागणारे येतात. त्यांना आप्पा बॉनेटला टेकून उभं राहू देतात, पैसे घेत नाहीत, पण जाताना भाव सांगून ठेवतात. धुळ्याहून एकजण आला, त्याने दारातूनच विचारलं, “कितला?” आकडा ऐकून तो बसलाही नाही. ‘फायनल किती?’ हा प्रश्न आप्पांना अपमानाचा वाटतो. गाडीची चौकशी न करता, बॉनेट न उघडता, घराण्याची हकिगत न ऐकता थेट फायनल? असल्या माणसाला ते भाव वाढवून सांगतात.

मुलाने एकदा पुण्यात बसल्या बसल्या मोबाइलवर जाहिरात टाकली आणि तीन लाख लिहिले. दुपारपर्यंत फोनची रांग लागली. आप्पांनी प्रत्येकाला शांतपणे सांगितलं, “तीन लाख हा इसार आहे.”

खरं गिऱ्हाईक आलं ते गेल्या वर्षी, पुण्याहून, एक इंजिनिअर. रजा काढून आला होता. खिशात फ्रिजवर लावतात तसला लोहचुंबक. तो दारांवर, चाकांच्या कमानीवर, डिकीच्या काठावर हलकेच लावून बघत गेला. पत्रा असेल तिथे चुंबक चिकटतो. आत लांबी भरून वरून रंग मारला असेल, तर घसरतो. जुनी गाडी तपासायची ही जुनी रीत आहे आणि प्रत्येकाने शिकून घ्यावी. पण आप्पांच्या चेहऱ्यावर सोयरीक बघायला आलेल्या माणसाने मुलीचे दात मोजावेत तसे भाव होते. डाव्या मागच्या दारावर चुंबक घसरला. “तिथे एका रिक्षावाल्याने,” आप्पा म्हणाले आणि थांबले.

इंजिनिअरने आरसी बुक पाहिलं, बॉनेट पाहिलं, पुन्हा आरसी बुक पाहिलं. माणूस सज्जन होता. बोलला काही नाही, फक्त वहीत काहीतरी लिहिलं. मग चहा झाला, शेव-चिवडा झाला, काकूंनी जेवायलाच बसवलं. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन तो मऊ झाला आणि म्हणाला, “दोन-वीस देतो.”

“पंधरा,” आप्पा म्हणाले.

“अडीच. माझ्याच्याने याच्यावर होणार नाही.”

“साडेपंधरा.”

“आप्पा, मी वाढवले, तुम्ही पण वाढवले?”

“तू पाच मिनिटांत तीस हजार वाढवले बाप्पा,” आप्पा म्हणाले, “म्हणजे तुले पण कळलं ना, ती वाढून राहिली ते?”

तो हसला, नमस्कार केला, काकूंनी दिलेली केळी घेतली आणि गेला. आप्पा फाटकापर्यंत पोचवायला गेले. परत येताना गाडीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, “पोरगं चांगलं होतं. पण भाव त्याने सांगितला.”

हे वाक्य मला दुसऱ्या दिवशी बागेत समजलं. कापणी होती. व्यापाऱ्याची माणसं आली होती, घड उतरत होते, ट्रक बांधावर लागला होता. रावेरचा भाव काय निघाला, बऱ्हाणपूरचा काय निघाला, हे सकाळीच सगळ्यांना मोबाइलवर कळलेलं असतं. नवतीचा वेगळा, पिलबागेचा वेगळा, कांदेबागेचा वेगळा. पण छापलेला भाव एक आणि बांधावर मिळणारा दुसरा, ही इथली नेहमीची रडकथा आहे. व्यापाऱ्याचा फोन आला. त्याने आकडा सांगितला. आप्पांनी “बरं” म्हटलं. एवढंच. घासाघीस नाही, घराण्याची हकिगत नाही, चहा नाही. कापलेला घड थांबत नाही आणि न कापलेला झाडावर पिकून जातो, त्यामुळे “बरं” सोडून त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता. वर्षभर पाणी दिलेल्या, खत घातलेल्या, वादळात रात्र-रात्र जागून सांभाळलेल्या मालाचा भाव दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कुठल्या गावात बसून सांगितला आणि तो अर्ध्या मिनिटात मान्य झाला.

कापसाचंही तेच. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा आप्पांचा कापूस आधीच सातच्या घरात विकला गेला होता. म्हणून पुढच्या हंगामात त्यांनी विकलाच नाही. अख्ख्या खानदेशाने विकला नाही. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला, पाहुणे अंगणात बसू लागले, घरात सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली आणि भाव काही दहाला गेला नाही. उन्हाळ्याच्या शेवटी सातच्या आसपास निघाला, तोही घट आणि ओलावा काढून.

आणि हाच माणूस पंधरा लाखांवरून खाली येत नाही. येईल कसा? आयुष्यभर जे जे पिकवलं, त्याचा भाव आप्पांना कुणीतरी सांगितला. ही एक गाडी अशी आहे, जिचा भाव ते स्वतः सांगतात आणि समोरच्याला तो ऐकून घ्यावा लागतो. नासत नाही, पिकून गळत नाही, ओलावा मोजला जात नाही. दोन लाखांना विकून टाकली तर त्यांना दोन लाख मिळतील हे त्यांना नीट कळतं. ते वेडे नाहीत. यावलच्या बाजारात त्यांच्याइतका पक्का हिशेबी माणूस शोधून सापडणार नाही. पण दोन लाखांना विकली की रोज सकाळी खुर्चीवर बसून भाव सांगण्याचा जो मान आहे, तो संपला.

काकूंचं मत वेगळं आहे. त्यांच्या लेखी गाडीची किंमत उन्हाळ्यात ठरते. कॉन्टेसाचं बॉनेट म्हणजे जवळजवळ पलंगाएवढा पत्रा, त्यात एप्रिल-मेचं जळगावचं ऊन. बिबडे घातले की गच्चीपेक्षा निम्म्या वेळात वाळतात. कुरडया, पापड, हळकुंडं, सगळं त्यावर होतं. मागे कुणी चांगलं गिऱ्हाईक मेच्या पहिल्या आठवड्यात आलं होतं, तर काकूंनीच त्याला सांगितलं, “जून लागल्यावर ये रे भो.” आप्पा याला ‘तुझा घरगुती वापर’ म्हणतात. पण काकूंच्या डोक्यातली किंमत निदान दर वर्षी वसूल होते.

हल्ली आप्पांना एक नवा आधार मिळाला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये फी, नंबरात ‘व्हीए’ अशी खास अक्षरं, दहा वर्षांची मुदत. आप्पांनी बोटं मोजली. १९८७ अधिक पन्नास, म्हणजे २०३७. “मग बघ भाव,” ते म्हणाले. मूळ रूपात राखलेली ही अट त्यांना अडवत नाही, कारण त्यांच्या मते गाडी मूळ रूपातच आहे. त्याच नियमात अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरायला आणि दुरुस्तीला नेता येते, असंही लिहिलं आहे. हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेडखालच्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “मग फरक काय पडला?”

पासिंग २०२७ पर्यंत आहे. तुम्हाला खरंच कॉन्टेसा हवी असेल, तर अवश्य जा. फ्लोअर चांगला आहे, डाव्या मागच्या दारात लांबी आहे, आरसी बुकातलं इंजिन बॉनेटखाली नाही, आणि मूळचा बंपर यावलला फाटकाला आहे, तो सोडवून घ्या. मिस्त्रीचा हिशेब बरोबर आहे: सव्वादोन, फार तर अडीच, त्यापुढे एक रुपया देऊ नका. पण आकडा आधी तुम्ही बोलू नका. आप्पांना बोलू द्या.